सीडीवरच्या सौ. मंगलाबाई

आजवर मी जे काही लिहिले ते दुसऱ्यांच्या वतीने लिहिले. वेल्ह्याच्या कचेरीबाहेर पत्र्याच्या छपराखाली माझे लाकडी मेज आहे. तेथे बसून अर्ज, तक्रारी, निवेदने आणि प्रतिज्ञापत्रे लिहिणे हा माझा व्यवसाय. जुनी माणसे मला अर्जनवीस म्हणतात, बाकीचे नुसते ‘रायटर’. शिक्षण नववीपर्यंत झाले आणि तेथेच थांबले. परंतु माझ्या हातचा मसुदा भाषेत चूक आहे म्हणून परत आला, असे आजतागायत घडलेले नाही. बांधाचे वाद, वारसांची भांडणे, वाटेचे हक्क, खोऱ्यातले सगळे दुःख माझ्या अक्षरातून आत गेले आहे. आज मात्र अर्जदाराच्या जागी मी स्वतः आहे. आणि जे सांगणार आहे ते बायकोला ठाऊक नाही. देवापुढे हात जोडून मनातल्या मनातसुद्धा मी ते कधी उच्चारलेले नाही. मग तुम्हालाच का सांगतो? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा गेल्या वैशाखात माझ्याच दारच्या मांडवात जे झाले, त्यानंतर गप्प राहणे जमेना, म्हणून असेल.

परंतु आधी अभिमानाचे सांगू द्या. ते सांगितल्यावाचून दुसरे कळणार नाही.

आमच्या तरुणपणी गाणी कॅसेटवर ऐकायची असत. मग सीडी आली आणि गाण्याला चित्र आले. लग्नकार्याला, पूजेला, जत्रेला टीव्ही आणि सीडीचे यंत्र भाड्याने आणायचे, देवळासमोर मांडायचे, आणि भर दुपारी गोधडीचा आडोसा करून साऱ्या आळीने बघायचे. सिनेमा आम्ही त्याआधी पाहिला नव्हता असे नाही. पण सिनेमातली माणसे आमची नव्हती. सीडीत प्रथमच पडद्यावर आमच्यासारखी माणसे दिसली — आमच्यासारखे शेणाने सारवलेले अंगण, आमच्यासारखी नाचणीची भाकरी, आमच्यासारखेच मातीने माखलेले पाय. म्हातारी माणसे पुढे सरकून पडद्याला हात लावत, हे मी पाहिले आहे.

आणि काय शिस्त असे त्या गाण्यांना! पहिले दृश्य ग्रामदैवताचे — आधी कळस, मग घंटा, मगच गाणे. नायक औताला निघताना आईच्या पाया पडे. नायिका कितीही नाचली तरी डोक्यावरचा पदर ढळत नसे. पदराला आतून टाचण्या मारलेल्या असत. गाणे प्रीतीचे असले तरी त्या दोघांच्या मध्ये एखादा बैल, एखादी विहीर, निदान भाताची कणगी तरी उभी असे. सासू पहिल्या कडव्यात टाकून बोले आणि शेवटच्या कडव्यात सुनेला पोटाशी धरी. शहरात नोकरीला लागलेला मुलगा पँट घालून एसटीतून उतरे आणि गाणे संपेस्तोवर धोतर नेसून नांगर धरी. आजची पोरे हसतात. हसू देत. बघणाऱ्याला जे घरात हवेसे वाटत होते तेच चित्रात होते. घरात ते तसे होते की नाही, हा प्रश्न वेगळा. आपण सणाला अंगण सारवतो ते रोज तसे असते म्हणून का? नव्हे. तसे असावे, म्हणून.

त्या चित्रांना आमच्या भागात वळण लावणारा माणूस मी होतो. ही बढाई नव्हे. भोरला लग्नाचे शूटिंग करणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे पोपटशेठ म्हणत. किल्ल्याच्या पायथ्याशी शूटिंग करण्याच्या परवानगीचा अर्ज लिहून घेण्यासाठी ते माझ्या मेजाशी आले. विषय काय लिहू, म्हणून मी विचारले, तर म्हणाले, हळदीचे गाणे आहे. नवरानवरी एकमेकांच्या मागे धावत हळद फासतात. मी लेखणी खाली ठेवली.

“शेठ,” मी म्हणालो, “हे तुमच्या बाजारपेठेत खपेल. आमच्या खोऱ्यात नवरदेवाची उष्टी हळद नवरीकडे जाते. नवरदेव जात नाही.”

पोपटशेठ माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, “रायटर, ते मेज गुंडाळा आन् माझ्या गाडीत बसा.”

तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक सीडीत मी सल्लागार. पुण्याहून आलेल्या मुलीची नखे मी रॉकेलचा बोळा देऊन साफ करवली आहेत. मंगळसूत्र पदराबाहेर काढायला लावले आहे, तुळशीपाशी चपला घालून उभ्या राहिलेल्या नायकाला सर्वांसमोर झापले आहे. लोकांना काय चालेल आणि काय चालणार नाही, हे मला विचारल्यावाचून कॅमेरा फिरत नसे. लोकांना काय चालेल! — हे वाक्य लक्षात ठेवा. मी मोठ्या सहजतेने ते बोलत असे.

आता हळदीच्या गाण्याकडे येतो. यायलाच हवे.

पोपटशेठना अस्सल गाणे हवे होते, आणि मला त्यासाठी एकच गळा ठाऊक होता. दत्तूदादा हा माझा थोरला चुलत भाऊ. त्याची बायको हौसाबाई, म्हणजे माझी वहिनी. ऐन आवणीत, रोपे लावताना, भाताच्या खाचरात दादाला पान लागले — आमच्याकडे साप चावला असे म्हणत नाहीत, पान लागले म्हणतात — आणि वहिनी तिशीच्या आतच कपाळाने मोकळी झाली. सासरचे आणि माहेरचे मिळून जेवढे म्हणून गाणे होते, ते त्या बाईच्या गळ्यात होते. जात्यावर बसली की शेजारच्या घरातली बाई स्वतःचे दळण थांबवून ऐके.

आमच्या गावी लग्नाची हळद जात्यावर दळतात. जात्याला आंब्याचे टहाळे बांधायचे, पाच सवाष्णींनी खुंट्याला हात लावायचा, आणि ओव्या म्हणायच्या. विधवेने त्या जात्यापाशी जायचे नाही, हळदीला बोट लावायचे नाही. पण ओव्या तर वहिनींनाच येत! मग गावाने तोड काढली होती. वहिनींनी माजघराच्या भिंतीपलीकडे बसायचे आणि तेथून ओळ द्यायची. अलीकडच्या सवाष्णींनी ती उचलायची. कित्येक लग्ने मी अशी पाहिली. भिंतीआडून सूर यायचा आणि सगळा मांडव थबकायचा. अमक्याच्या लेकीची हळद हौसाच्या गळ्याने दळली, असे लोक पुढे वर्षभर सांगत. त्या व्यवस्थेत कोणालाही काही वावगे वाटत नव्हते. मलाही नाही. मला तर त्यात आमच्या गावाचा मोठेपणाच वाटे — नियमही राहिला आणि गळाही वाया गेला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेची खोली मिळवली. खिडक्यांना गोधड्या लावल्या, दाराला पोते लावले. वहिनी आल्या, कोपऱ्यात बसल्या, आणि गळाच फुटेना. पोपटशेठ म्हणाले, “बाई, माइककडं बघून म्हणा.”

“त्याच्याकडं काय बघू?” वहिनी म्हणाल्या. “त्यो काय माझा भाऊ हाय, म्हायेराला न्यायला मूळ घिऊन आलाय?”

सगळे हसले, वहिनी पदराआड हसल्या. मग मला हळूच म्हणाल्या, “भावजी, मला भिताडाआड बसवा. तवाच सुटतो माझा गळा.” शेवटी शाळेचा फळा उचलून त्यांच्यापुढे आडवा लावला. फळ्याच्या आड त्या बसल्या आणि गाऊ लागल्या. मी सांगतो तुम्हाला, बाहेरच्या कोंबड्यानेही तोंड मिटले होते.

नेहमीच्या ओव्या नव्हत्या त्या. कुठल्या लग्नात मी ऐकलेल्या नव्हत्या. इतक्या वर्षांत वहिनींनी मनाशी जुळवलेल्या होत्या. मांडवात रीतीच्याच ओव्या म्हणायच्या असतात, म्हणून कधी बाहेर पडल्या नव्हत्या.

हळदीच्या गं पाटावरी ऊन उतरलं कवळं
बंधू माझा उभा दारी, पानी डोळ्यात पिवळं

पोपटशेठच्या डोळ्यांतही पाणी आले; अर्थात ते त्यांनी यंत्राकडे वळून पुसले. शेवटी वहिनी म्हणाल्या, “आता येक माझी सोताची. ठिवा न्हाईतर काढा, तुमची मर्जी.” आणि म्हणाल्या —

भित्तीच्या गं अल्याडनं सूर धाडिते मी आत
पिवळं झालं माझं गानं, कोरं राह्यलं गं हात

“ठेवतो, वहिनी,” मी म्हणालो.

इथे मला थांबावेसे वाटते. इथवरची गोष्ट मी चारचौघांत अनेकदा सांगितली आहे — अर्थात वहिनींचे नाव वगळून. पुढचे आजवर कोणाला सांगितलेले नाही.

त्याच संध्याकाळी भोरच्या स्टुडिओत पोपटशेठ कव्हरचा विषय घेऊन बसले. त्यांचे म्हणणे साफ होते. “रायटर, बाईचाच फोटो टाकू की! पांढरं कपाळ तर पांढरं कपाळ. असा गळा पुण्यात मिळत नाही. नाव टाकू मोठ्या अक्षरात.”

मी म्हणालो, “लोकांना चालणार नाही.”

ते म्हणाले, “विचारलं का कुणाला?”

विचारले होते का? — नाही. एका माणसाला नाही, एका बाईला नाही. मी अर्ज लिहितो तेव्हा वेळ वाचावा म्हणून खाली एक ओळ आधीच लिहून ठेवतो: ‘सदर मजकूर वाचून दाखविला, समजला, मान्य आहे.’ अर्जदार यायच्या आधीच ती ओळ कागदावर असते. बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. माणूस येतो, मी वाचतो, तो अंगठा उठवतो. त्या दिवशी मी तसेच केले. गावाच्या वतीने एक ओळ आधीच लिहून टाकली. हळदीचे गाणे आणि विधवा बाई? हे लोक घरात लावतील? लग्नात वाजवतील? पोपटशेठ व्यापारी होते. लोकांविषयी माझ्या शब्दाला किंमत होती. त्यांनी फोटोचा विषय सोडला.

मग मी एक बाई निर्माण केली. गायिका — सौ. मंगला. आडनाव मी पुण्याकडचे वाटावे असे बेतून लावले होते, ते इथे लिहीत नाही. जगात नसलेली ही बाई मी जन्माला घातली आणि तिला नवराही जिवंत दिला. ‘सौ.’ ही अक्षरे मी स्वतः सांगून ठळक करून घेतली. आणि गीतकाराच्या जागी? — तेथे माझे नाव आले. पोपटशेठनी विचारले, “मग गाणं कुणाचं लिहू?” मी लगेच उत्तर दिले. इतके लगेच की मला स्वतःलाच आश्चर्य वाटले. ‘लोकांना चालणार नाही’ हे कारण फोटोला लागू होते असे तुम्ही क्षणभर धरून चाललात, तरी गीतकाराच्या जागेला ते कसे लागू होते? ओव्या विधवेने जुळवल्या असे छापले असते, तर कोणाचा विटाळ झाला असता? तेथे लोक नव्हते हो. तेथे मीच होतो.

शेवटची ओवी मी काढायला लावली. अशुभ आहे, म्हणालो. आवाज थोडा चढवून घेतला, त्याला घुमारा दिला, मागे सनई आणि ढोलकी घातली. चाळिशीला आलेल्या बाईचा गळा विशीतल्या मुलीचा झाला. चित्रात पुण्याच्या मुलीने ओठ हलवले — साफ नखांनी, ठळक मंगळसूत्राने, डोक्यावर पदर घेऊन.

आणि वहिनी? त्या आठवड्याने विचारायला आल्या. मी म्हणालो, “वहिनी, यंत्र बिघडलं होतं. तुमचं काही उठलं नाही. शेठनी पुण्याच्या बाईकडून म्हणवून घेतलं.”

“आन् वव्या?”

“ओव्यांचा धागा तुमचा, पण बदल पुष्कळ केला मी.”

“आसू दे,” त्या म्हणाल्या. “बदली म्हंजे चांगलंच केलं आसंल.”

हाच तो अपराध. फिरून फिरून मी येथे आलो. सांगायला लागल्या चार ओळी, आणि दडवायला लागले अर्धे आयुष्य.

सीडी अशी चालली की विचारू नका. नसरापूरच्या बाजारात, कामथडीच्या लग्नात, पार हिर्डोशीच्या डोंगरातसुद्धा, जेथे एसटी दिवसातून एखाद वेळ येई, तेथेही ती वाजली. हळद म्हटली की तेच गाणे. देवळात नारळ आणि फेटा देऊन माझा सत्कार झाला. ‘आपल्या मातीचे गाणे लिहिणारे आपले रायटर’ — सरपंचांनी असे भाषण केले. फेटा मी अजून जपून ठेवला आहे. मला अभिमान वाटला. खोटे का बोलू? आजही ते गाणे कानी पडले की मान आपोआप ताठ होते. गाणे अस्सल होते हे मीच पहिल्यांदा ओळखले होते, ही गोष्ट तर खरीच ना? आपल्या लोकांना आपले चित्र दाखवले, तेही खरे. त्या सगळ्या खऱ्याच्या ओझ्याखाली एक खोटे दबून जाईल असे मला वाटले होते.

गावातल्या बायका हुशार. एकदोघी म्हणाल्या, “ही पुन्याची बाई आगदी हौसावानीच गाती की गं!” पण त्यांनी तो वहिनींचा मान समजला — पुण्याची बाईसुद्धा आमच्या हौसासारखी गाते! छापलेल्या नावावर आमच्या लोकांचा फार विश्वास. तो विश्वास वाढवण्यात माझ्यासारख्यांचा हात आहे.

मग आमच्याच आळीत एक लग्न निघाले. जाते सजले, सवाष्णी बसल्या. पण ओव्या म्हणायच्या ऐवजी कोणीतरी सीडी लावली. मी पुढच्या सतरंजीवर, डोक्याला फेटा. वहिनी रीतीप्रमाणे भिंतीपलीकडे जाऊन बसल्या होत्या. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते की आता ओळ द्यायची गरज नाही. स्पीकरमधून त्यांचा सूर निघाला आणि मांडवभर पसरला, आणि त्या भिंतीआड रिकाम्या बसून राहिल्या. थोड्या वेळाने उठून बाहेर आल्या. मी पाण्याच्या पिंपापाशी होतो.

“भावजी, कुनाचा म्हनायचा ह्यो आवाज?”

“त्या पुण्याच्या मंगलाबाईंचा.”

त्या उभ्या राहून जरा ऐकत राहिल्या. “ग्वाड हाय,” म्हणाल्या, आणि खरकटी भांडी ओढून घासायला बसल्या. त्यानंतर गावच्या लग्नात त्यांना भिंतीआड कोणी बोलावले नाही. सीडी होती ना.

मी स्वतःला काय समजावत होतो, ठाऊक आहे? माणसाला स्वतःचा आवाज ओळखू येत नाही. यंत्रातून आला की तो परका वाटतो. माझाच आवाज मी एकदा टेपवर ऐकला तेव्हा हा कोण घोगरा मनुष्य, असे मला वाटले होते. मग वहिनींना तरी कसा ओळखू येणार? आणि आम्ही तर तो चढवलाही होता! बदल केलेल्या ओव्या म्हणून सांगितले होते, एका शब्दाचाही बदल केला नव्हता, हे मात्र या समजुतीत मी कधी येऊ दिले नाही. वीस-बावीस वर्षे मी याच समजुतीवर ताठ चाललो. त्यांचे कचेरीतले सगळे काम मी फुकट करून दिले, मेजाशी आल्या की आधी चहा मागवला. लोक म्हणत, रायटर भावजयीला फार मानतात. मी ते ऐकून घेत असे.

आता आजच्या काळाकडे. आमच्याही गावात विधवांवरच्या जुन्या बंधनांना पूर्णविराम देण्याचा ठराव आला. मसुदा अर्थातच माझा. फार सुरेख उतरला होता. ग्रामसभेत मी स्वतः उभे राहून खणखणीत वाचला. विरोध होईल म्हणून मी उत्तरे तयार ठेवली होती. विरोध झालाच नाही. म्हातारे-कोतारे, ज्यांच्या नावाने मी पोपटशेठना ‘चालणार नाही’ म्हणून सांगितले होते, त्यांनी हात वर केले आणि चहा घ्यायला उठले. एक आजोबा जाताना म्हणाले, “आरं, ह्ये तर लई आधीच करायचं. कुनी इचारलंच न्हाई.” मला अभिनंदनाचा हार घातला. त्या हाराखाली माझ्या मानेला घाम फुटला होता.

आणि गेल्या वैशाखात माझ्या मुलीचे लग्न. पल्लवी पुण्यात नोकरी करते, तिच्या मैत्रिणी आल्या होत्या. हळदीच्या दिवशी पल्लवीने जाहीर केले, “काकी आतच बसणार. जात्यापाशी. नाहीतर मी पाटावर बसत नाही.” बायको म्हणाली, ठराव तर यांनीच लिहिलाय. वहिनींना हाताला धरून आत आणले. आता त्यांची साठी उलटली आहे, केस सगळे पिकले आहेत. जात्याचा खुंटा धरला, पण तोंडातून शब्द निघेना. इकडे तिकडे बघत राहिल्या. त्या काय शोधत आहेत हे मांडवात फक्त मला समजले — भिंत शोधत होत्या.

मग पदर थोडा पुढे ओढला, डोळे मिटले, आणि त्या गाऊ लागल्या. रीतीची ओवी नव्हे. हळदीच्या गं पाटावरी ऊन उतरलं कवळं —

मैत्रिणी उसळल्याच. “काकी! हे तर मोबाईलवरचं गाणं! सेम त्या बाईसारखा आवाज!” एकीने मोबाईलवर गाणे लावलेसुद्धा. पडद्यावर पुण्याची ती मुलगी ओठ हलवत होती, खाली सौ. मंगलाबाईंचे नाव होते, त्याखाली माझे. एक म्हणाली, “काकी, त्या बाईचं ऐकूनच शिकलात ना?”

“व्हय गं,” वहिनी म्हणाल्या. “लई म्हनायची ती बाई.”

मोबाईलवरचे गाणे संपले. वहिनी थांबल्या नाहीत. जाते फिरत होते, हळद उडत होती, आणि त्यांनी पुढची ओवी घेतली — भित्तीच्या गं अल्याडनं सूर धाडिते मी आत. शाळेच्या खोलीत फळ्याआडून एकदाच म्हटलेली, मी ‘ठेवतो’ म्हणून सांगून मागाहून कापलेली. जशीच्या तशी. फक्त शेवटी ‘कोरं राह्यलं गं हात’ म्हणताना त्यांनी आपल्या हातांकडे बघितले. ते कोपरापर्यंत पिवळे झाले होते, आणि त्या मध्येच हसल्या.

“ही ओवी मोबाईलमध्ये नाहीये!” पोरी म्हणाल्या.

“त्या बाईला ठावी नसंल,” वहिनी म्हणाल्या.

मी समोरच्या खुर्चीवर बसलो होतो. वधूपिता, डोक्याला तोच सत्काराचा फेटा. वहिनींनी माझ्याकडे पाहिले नाही. मी वाट बघत होतो की त्या पाहतील. त्या खुंटा फिरवत राहिल्या, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्या लेकीच्या गालाला त्यांनी हळद लावली. त्यांना सर्व ठाऊक होते. पाण्याच्या पिंपापाशी उभ्या होत्या तेव्हापासून ठाऊक होते. स्वतःचा गळा हौसाबाईला ओळखू येत नाही, असे कोणता शहाणा म्हणू शकतो? — मी म्हणत होतो.

तर नोंद करून घ्या. त्या सीडीवरचा आणि आता मोबाईलवर फिरणारा आवाज हौसाबाईंचा आहे. ओव्या त्यांच्या आहेत, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. त्यांतला एकही शब्द माझा नाही. सौ. मंगला नावाची गायिका कधीच नव्हती. आमच्या खोऱ्याने जे गाणे आपले मानले, प्रत्येक मांडवात लावले, ते एका पांढऱ्या कपाळाच्या बाईने फळ्याआड बसून म्हटले होते. त्या गाण्याचा अभिमान मी सोडत नाही. तो ज्यांचा आहे त्यांच्या नावावर करतो.

माझा प्रत्येक अर्ज विनंतीने संपतो. या कागदावर विनंती नाही.

वहिनींना वाचता येत नाही. म्हणून उद्या सकाळी हे कागद घेऊन मी त्यांच्या ओट्यावर जाणार आहे आणि पहिल्या शब्दापासून वाचून दाखवणार आहे, मोठ्याने, आळीला ऐकू जाईल असे. त्यावर त्या काय म्हणतील ती ओळ मी खाली आधी लिहून ठेवलेली नाही. जागा कोरी आहे.